एकशे अडुसष्ट किलोंचा वाद

अमेरिकेत घरामागं एकरभर जागा असलेला माणूस त्या जागेत काय पिकवतो, असं एखाद्या मराठी शेतकऱ्यानं विचारलं, तर खरं उत्तर देणाऱ्याला जरा अवघडल्यासारखंच होईल. तो चाळीस गुंठ्यांत गवत पिकवतो. त्याला खत घालतो, उन्हाळ्यात पाणी देतो, मधेच उगवलेली पिवळी रानफुलं औषध मारून जाळतो आणि गवत वीतभर व्हायच्या आत कापून टाकतो. दावणीला गाय नाही, दारात शेळी नाही. न कापून चालत नाही, कारण ते ठरावीक उंचीच्या वर गेलं की बऱ्याच गावांत नगरपालिकेची नोटीस येते आणि मागोमाग दंडाची पावती. एवढं गवत ढकलगाडीच्या यंत्रानं कापायचं म्हणजे रविवार संपलाच. म्हणून त्या देशात गार्डन ट्रॅक्टर आला. सीट एक, पोटाखाली गवत कापायची पाती, आणि हिवाळ्यात तोंडाला बर्फ ढकलायचं फाळकं.

यातले बहुतेक ट्रॅक्टर पेट्रोल पितात आणि शेजाऱ्यांची झोप मोडतात. पण १९६९ साली जनरल इलेक्ट्रिक ऊर्फ जीईनं, म्हणजे बल्बपासून वीजकेंद्राच्या टर्बाइनपर्यंत सगळं विकणाऱ्या कंपनीनं, ‘इलेक-ट्रॅक’ नावाचा विजेवर चालणारा गार्डन ट्रॅक्टर बाजारात आणला. न्यूयॉर्क राज्यातलं स्केनेक्टडी हे त्याचं माहेर, आणि ब्रूस लॉमायस्टर हे प्रकल्पाचे मुख्य अभियंते. गोल्फच्या मैदानावर फिरणाऱ्या गाडीत असतात तशा ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून ३६ व्होल्ट करायचे, रात्री प्लग लावायचा आणि सकाळी गवत कापायचं, असा साधा हिशेब होता. कंपनी मात्र एवढ्यावर थांबली नाही. ट्रॅक्टरवर सॉकेट देऊन तिनं त्याला जोडायला ३६ व्होल्टची लाकूडकापी करवत, कुंपण छाटायची कात्री, वेल्डिंगचं यंत्र आणि चक्क रेडिओही काढला. गवत कापता कापता उतरून वेल्डिंग करावं आणि वेल्डिंग करता करता गाणी ऐकावीत असं वाटणारं गिऱ्हाईक कंपनीला कुठे भेटलं होतं, देव जाणे.

धंदा काही जमला नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. पेट्रोल पंपांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. आणि पेट्रोलचा थेंबही न पिणारा ट्रॅक्टर हाताशी असलेली ही कंपनी त्याच सुमारास सगळा पसारा ‘व्हील हॉर्स’ या दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्या कंपनीच्या पदरात टाकून मोकळी झाली. १९७५ च्या आसपास उत्पादन थांबलं. मुहूर्त कोणत्या पंचांगात पाहिला होता कोण जाणे.

कंपनीनं सोडले तरी ट्रॅक्टर काही जग सोडायला तयार नाहीत. पोलादी सांगाडा जाड, मोटारी दणकट, आणि वेग बदलताना ‘खट्, खट्’ करणाऱ्या रिले कानशीनं घासून पुन्हा वापरता येतात. पन्नास वर्षांचे हे म्हातारे अमेरिकेत अजून रविवारी गवत कापतात. मरतात त्या फक्त बॅटऱ्या. पाच-सात वर्षांनी त्या बसल्या की मालक दुकानात जातो. पूर्वी तो सहा नव्या बॅटऱ्या घेऊन यायचा आणि विषय मिटायचा. आता तो आधी विचारतो, ‘शिसं घ्यावं की लिथियम?’ आणि तिथून पुढचे दोन महिने गवत वाढत राहतं.

या प्रश्नावर अमेरिकेत दोन पंथ आहेत, आणि वैष्णवांनी शैवांशी बोलावं तितक्याच प्रेमानं ते एकमेकांशी बोलतात. शिसेपंथीयांचा मूळ पुरुष गास्तों प्लांते हा फ्रेंच. त्यानं १८५९ साली शिशाच्या दोन पत्र्यांची गुंडाळी गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी केली. १८५७ चा उठाव शमून जेमतेम वर्ष झालं होतं, यावरून मालाचं वय लक्षात यावं. लिथियमपंथ त्या मानानं काल-परवाचा. ट्रॅक्टरवाल्यांच्या आवडीची लिथियम आयर्न फॉस्फेट ही जात १९९७ मध्ये टेक्सासमधल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून जगापुढे आली. त्या निबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचं आणि दुसरं नंजुंडस्वामींचं, हे लिथियमपंथीय भारतीय अभिमानानं सांगतात. गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी नोबेल मिळालं. शिसेपंथीय यावर म्हणतात की बघा, लिथियमवर भरवसा बसायला माणसाला ९७ वर्षांचं व्हावं लागतं.

तिसरा एक छोटा पंथ एडिसनचा. एडिसनला शिशाची बॅटरी मुळातच मंजूर नव्हती. जड, आणि आत ॲसिड. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी त्यानं निकेल आणि लोखंडाची बॅटरी काढली. पहिली आवृत्ती गळू लागल्यामुळे विक्री थांबवावी लागली, पण सुधारलेली इतकी टिकाऊ निघाली की तिची दशकानुदशकं जुनी खोकी अजून चालतात. या पंथाचा अनुयायी प्रत्येक चर्चेत एकदा तरी उठून ‘निकेल-लोखंडाचं काय?’ असं विचारतो. बाकीचे दोन्ही पंथ क्षणभर गप्प होतात, मग आपलं भांडण पुढे चालू करतात.

भांडणाचा पहिला मुद्दा वजनाचा. गोल्फगाडीची प्रसिद्ध बॅटरी म्हणजे ट्रोजन कंपनीची टी-१०५. ६ व्होल्ट, २२५ ॲम्पिअर-अवर, वजन २८ किलो. अशा सहा म्हणजे १६८ किलो. इलेक-ट्रॅकच्या मोठ्या मॉडेलांत यातल्या काही पुढे बॉनेटखाली आणि काही मागे सीटखाली बसतात. त्या उचलून बसवताना कमरेचा जो आवाज होतो, तो ऐकून बायको घरातून ‘लिथियम घ्या’ असं ओरडते. लिथियमपंथाचा प्रसार खरा इथून झाला.

त्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेटचे २८० ॲम्पिअर-अवरचे बारा सेल घेतले, तर एकेकाचं वजन साडेपाच किलोंच्या आत. सगळे मिळून ६५ किलो, पेटी आणि वायरिंग धरून ७५. साठा मात्र शिशाहून जास्त. ट्रॅक्टर एकदम नव्वद किलोंनी हलका होतो. मालक खूश होऊन सीटवर बसतो, बर्फाचं फाळकं खाली टाकतो, पुढे जायचा पेडल दाबतो, आणि मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात.

ट्रॅक्टरला वजन लागतं, ही गोष्ट मराठी शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. नांगरणीच्या आधी मागच्या टायरमध्ये पाणी भरणं आणि पुढे लोखंडी वजनं अडकवणं हे त्याचं नेहमीचंच काम. इलेक-ट्रॅकच्या अभियंत्यांनी शिशाचं ओझं चाकांवर टाकून ते फुकटात साधलं होतं. गोदामातल्या विजेच्या फोर्कलिफ्टमध्येही तोच हिशेब असतो. पुढे उचललेल्या मालाला मागून तोलून धरायचं काम शिशाची अवजड बॅटरी करते, आणि तिथं लिथियम घालायचं झालं तर तोल सांभाळायला बॅटरीच्या पेटीत पोलादाच्या लाद्या टाकाव्या लागतात.

गार्डन ट्रॅक्टरवाला मग टायरकडे वळतो. साधं पाणी भरावं तर अमेरिकेच्या उत्तरेला ते हिवाळ्यात गोठतं. म्हणून कोणी कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण भरतं, जे रिम गंजवतं. कोणी गाडीची काच धुवायचं निळं पाणी भरतं. आणि कोणी, खोटं वाटेल, पण बीटाचा रस भरतं. साखर कारखान्यात बीटापासून निघणारा हा दाट रस गोठत नाही, गंजवत नाही, पाण्यापेक्षा जड असतो आणि खास टायरमध्ये भरायलाच विकला जातो. अशा रीतीनं शिशाच्या ओझ्यापासून मुक्ती मिळवायला अमुक डॉलर खर्च केलेला माणूस दोन आठवड्यांत ते ओझं परत आणायला तमुक डॉलर खर्च करतो. शेजारचा शिसेपंथीय कुंपणावर कोपर टेकून हे बघत असतो. तो काही बोलत नाही.

तरी लिथियमवाल्याची बाजू इथं संपत नाही. दुसरा मुद्दा साठ्याचा, आणि तिथं शिशाची बॅटरी उघडी पडते. तिच्या अंगावर लिहिलेले २२५ ॲम्पिअर-अवर म्हणजे नोकरीच्या पत्रातला पगार. हातात पडतो तो वेगळाच. तो आकडा वीस तासांत सावकाश बॅटरी रिकामी केली तर मिळतो. वीस तास गवत कापणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पाती फिरवत, चढ चढत ट्रॅक्टर ७५ ॲम्पिअर ओढू लागला की हीच टी-१०५ सुमारे ११५ मिनिटांत मान टाकते, म्हणजे हाती पडले १४४. ओढ वाढली की साठा आक्रसतो, हा नियम विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मनानं १८९७ साली मांडून ठेवला आहे. त्यातून शिशाची बॅटरी टिकवायची तर ती अर्ध्याखाली उतरवायची नाही, असा दंडक. १४४ चे अर्धे ७२.

लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये अशी कपात जवळजवळ नाही. शंभर लिहिलेत तर ऐंशी-नव्वद निर्धास्त वापरा, भराभर ओढलेत तरी. म्हणजे १६८ किलो शिशाच्या खुर्चीवर पंचवीस-तीस किलोंचं १०० ॲम्पिअर-अवरचं लिथियम बसवलं तरी गवत तेवढंच कापून होतं. हे गणित कागदावर मांडून दाखवलं की शिसेपंथीय क्षणभर घुटमळतो आणि मग हिवाळ्याचा विषय काढतो.

हिवाळ्याकडे जाण्याआधी दोन्ही घरांतला एक-एक शनिवार पाहायला हवा.

शिशाच्या घरी सकाळी बॉनेट उघडलं जातं. सहा बॅटऱ्यांची तीन-तीन मिळून अठरा झाकणं. मालक एकेक झाकण काढून आत टॉर्च मारतो. प्लेटा उघड्या दिसल्या तर डिस्टिल्ड वॉटर. महाराष्ट्रात लोडशेडिंगच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले, तेव्हापासून हा सोहळा मराठी माणसालाही पाठ आहे. ‘अहो, पाणी बघितलं का?’ हे वाक्य नळाबद्दल आहे की बॅटरीबद्दल, ते फक्त त्या घरातल्यांनाच कळतं. पाण्यानंतर हायड्रोमीटर. काचेच्या नळीला रबरी फुगा. फुगा दाबून सोडला की ॲसिड वर येतं आणि आतलं तरंगणारं बोंडूक आकडा दाखवतं. १.२६५, १.२७०, १.२६५. सतरा सेल ठीक. अठराव्यात १.१८०. एकट्या नासक्या सेलपायी आख्खी ओळ मागे पडते. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली असते. तिच्यावर खायच्या सोड्याचं पाणी ओतलं की ती खदखदते, मग ब्रशनं घासायची, कोरडी करायची आणि व्हॅसलीन लावायचं. दुपारी बारापर्यंत सगळं चकाचक. मंगळवारी कपडे धुऊन आल्यावर पँटच्या मांडीवर चार बारीक भोकं दिसतात. शनिवारी ती नव्हती. ॲसिड आपली हजेरी अशी उशिरा लावतं.

लिथियमच्या घरी बॉनेट उघडायचं कारणच नाही. मालक गॅरेजमध्ये खुर्ची टाकून मोबाइल काढतो. बॅटरीच्या आत ‘बीएमएस’ नावाचा एक इलेक्ट्रॉनिक मुनीम बसवलेला असतो. बारा सेलांना जोडलेल्या तेरा बारीक तारांतून तो प्रत्येकाचा हिशेब ठेवतो आणि ब्लूटूथनं फोनवर पाठवतो. ३.३३१. ३.३३२. ३.३३१. सातवा सेल ३.३२८. मालकाच्या कपाळावर आठी. तीन मिलिव्होल्ट कमी! तो चार मित्रांना विचारतो. दोन जण काळजी करू नको म्हणतात, एक जण सेल बदल म्हणतो, चौथा निकेल-लोखंडाचं विचारतो. दुपारी बारा वाजतात. शिशाच्या घरी निदान टर्मिनल तरी स्वच्छ झालेलं असतं.

हा मुनीम सेवेला तत्पर, पण स्वभावानं कडक. शिशाची बॅटरी संपत आली की म्हाताऱ्यासारखी कुरकुरते. ट्रॅक्टर हळू होतो, पात्यांचा आवाज उतरतो, मालकाला कळतं की आता घरी वळावं. लिथियम शेवटपर्यंत तरुण असतं. त्याचा व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहतो. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वी शिशासाठी बसवलेला डॅशबोर्डवरचा काटा नव्वद टक्क्यांना ‘भरपूर’ म्हणतो, वीस टक्क्यांनाही ‘भरपूर’ म्हणतो, आणि मग मुनीम वीज तोडतो. चाळीस गुंठ्यांच्या नेमक्या मध्यावर ट्रॅक्टर मुका होतो. स्वस्तातला छोटा बीएमएस घेतलेला असेल, तर एवढंही लागत नाही. चढावर ओलं गवत पात्यांत अडकलं, करंट उसळला की तो कुलूप लावून मोकळा. बीएमएस निवडताना मोटारीच्या नेहमीच्या ओढीवर न थांबता उसळीचा आकडा बघावा लागतो. हे शहाणपण बहुतेकांना लॉनच्या मध्यावरून घरापर्यंत चालत येताना सुचतं.

चार्जरची कथा याहून नाजूक. जीईच्या ट्रॅक्टरात मूळचाच एक अवजड ट्रान्सफॉर्मर चार्जर आहे. त्याला घड्याळाची चकती. बारा तास फिरवून ठेवा, बारा तास करंट देतो. आत कोण आहे, पोट भरलं की नाही, हे त्याला विचारायची सवय नाही. शिशाला हा आग्रह चालतो. जास्तीचं झालं तर थोडं पाणी उकळून उडतं, उलट मधूनमधून मुद्दाम जास्त चार्ज केलेला त्याला मानवतो. लिथियमचं तसं नाही. सेलमागे ३.६५ व्होल्ट, म्हणजे बाराचे ४३.८, ही हद्द. योगायोग असा की ३६ व्होल्टचं शिसं भरतानाही शेवटी आकडा याच्याच आसपास जातो. या योगायोगामुळेच लोक ‘चालून जाईल’ म्हणत जुना चार्जर ठेवतात. रोज मुनीम दार लावतो म्हणून घर वाचतं. पण मुनिमाला दरवान करायचं नसतं. लिथियम घ्यायचं ठरलं तर त्याच्या जातीचा चार्जर त्याच बिलात घ्यावा.

आता शिसेपंथीयाचा हिवाळा. लिथियमचा सेल शून्य अंश सेल्सिअसच्या खाली चार्ज केला तर आत लिथियम धातूचा थर बसू लागतो आणि सेल कायमचा अधू होतो. काम करायला तो थंडीत तयार असतो, जेवायला नाही. स्केनेक्टडीच्या जानेवारीत पारा शून्याखाली आठवडेच्या आठवडे मुक्काम करतो, आणि बर्फ ढकलायचं काम नेमकं तेव्हाच निघतं. मग सेलाखाली तापवायच्या चटया अंथरतात. शिसेपंथीय हे सांगताना खुलतो. मात्र त्याच्या घरचाही बर्फ काही कमी नाही. पूर्ण भरलेल्या शिशाच्या बॅटरीतलं ॲसिड उणे पन्नासपर्यंत गोठत नाही, हे खरं. पण उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर आत नुसतं पाणीच उरल्यासारखं होतं. घनता १.१०० पर्यंत आली की उणे सातच्या आसपासच बर्फ होतो, खोकं तडकतं आणि वसंत ऋतूत गॅरेजच्या फरशीवर ॲसिडचा नकाशा सापडतो. त्यातून हिवाळाभर ठेवायची रीतही दोघांची उलटी. शिसं पूर्ण भरून ठेवायचं आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरायचं. लिथियम अर्धं भरून ठेवायचं आणि विसरून जायचं. एका घरात दोन्ही असतील तर नोव्हेंबरात कोणाला काय करायचं होतं, याची चिठ्ठी भिंतीवर लावावी लागते.

आयुष्याचा हिशेब दोन्ही पंथ मोठ्या आवडीनं मांडतात. लिथियमवाला सांगतो, तीन हजार वेळा भरा-उतरवा, काही होत नाही. अमेरिकेच्या उत्तरेत गवताचा हंगाम एप्रिल-मे ते ऑक्टोबर. आठवड्याला एकदा धरलं तर वर्षाला फार तर तीस वेळा. तीन हजार भागिले तीस म्हणजे शंभर वर्षं. बॅटरी मालकाच्या पणतवाला मिळणार, ट्रॅक्टरचं माहीत नाही. शिसेवाल्याच्या टी-१०५ ला निम्म्यापर्यंत उतरवलं तर हजारभर फेऱ्या, म्हणजे तीही तेहतीस वर्षं चालायला हवी. प्रत्यक्षात फेऱ्या मोजून कोणतीच बॅटरी मरत नाही. शिसं मरतं ते आळसानं. अर्धवट उतरलेलं ठेवलं की प्लेटांवर सल्फेटचे खडे कडक होतात आणि पाच-सात वर्षांत ती चार्जिंग धरेनाशी होते. लिथियम नुसत्या वयानंच झिजतं. दहा-पंधरा वर्षं मिळाली तर पैसे फिटले म्हणायचे.

पैशांचा मुद्दा दहा वर्षांपूर्वी एका वाक्यात संपत होता. आता संपत नाही. लिथियम बॅटरीपॅकची जागतिक सरासरी किंमत २०१० मध्ये किलोवॉट-अवरला हजार डॉलरच्या वर होती. ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीत २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आली. हा भाव मोटार कारखान्यांचा. किरकोळीत एक ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या माणसाला कोणी त्या भावानं देत नाही. तरीही वापरता येणाऱ्या साठ्यावर हिशेब केला तर आज शिसं आणि लिथियम एकाच पट्ट्यात येतात. शिवाय भंगाराचा रस्ता आहेच. निसान लीफ या मोटारीच्या पहिल्या पिढीतल्या बॅटरीत ४८ मोड्यूल असतात, प्रत्येकी सुमारे साडेसात व्होल्टचं. पाच जोडले की ३७-३८ व्होल्ट, जणू जीईनं मोजून मागवले. अपघातात गेलेल्या लीफचे मोड्यूल घालून बरेच जुने ट्रॅक्टर आज गवत कापतात. हे रसायन वेगळं आहे आणि आयर्न फॉस्फेटइतकं थंड डोक्याचं नाही, त्यामुळे चार्जरची हद्दही वेगळी लागते. मोडीच्या बाबतीत शिसं मात्र कुणाला ऐकत नाही. अमेरिकेत शिशाच्या जवळपास ९९ टक्के बॅटऱ्या भट्टीत परत जातात, आणि जुनी दिली की दुकानदार पैसे परत करतो. घरोघरी भंगारवाला फिरणाऱ्या देशातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.

नव्या यंत्रांच्या बाजारानं आपला कौल देऊन टाकला आहे. रायोबी कंपनी आधी ४८ व्होल्टचा, शिशाच्या बॅटरीवर चालणारा बसून चालवायचा मोअर विकत होती, नंतर तिनं ८० व्होल्टचा लिथियमवाला काढला. कॅलिफोर्नियानं २०२१ मध्ये कायदा करून छोट्या पेट्रोल इंजिनांच्या नव्या यंत्रांची वाट बंद करायला घेतली, त्यामुळे हा बाजार आणखी फुगणार. भारतात डिसेंबर २०२० मध्ये सोनालिकानं ‘टायगर इलेक्ट्रिक’ हा शेतीचा ट्रॅक्टर ५ लाख ९९ हजार रुपयांना जाहीर केला, तोही २५.५ किलोवॉट-अवरच्या लिथियमवर. तेवढीच वीज शिशात साठवायची तर पाचशे किलोंच्या वर बॅटरी लागली असती. नांगराला वजन हवं, हे कितीही खरं असलं तरी रोज चार्ज होऊन दिवसभर राबणाऱ्या यंत्रात शिशाला जागा उरलेली नाही. वर्षातून तीसदा चालणारं पन्नास वर्षांचं यंत्र ही वेगळी गोष्ट, आणि वादाला जागा आहे ती तिथंच.

तर निकाल असा. ट्रॅक्टर फक्त गवतासाठी असेल, कंबर दुखत असेल, पाणी बघायची आठवण राहत नसेल आणि तो पुढची दहा वर्षं ठेवायचा असेल, तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यावं. मोठा बीएमएस, नवा चार्जर आणि साठा टक्क्यांत दाखवणारा मीटर हे तिन्ही त्याच दिवशी घ्यावेत, नाहीतर घेऊच नये. हिवाळ्यात बर्फ ढकलायचा असेल, गॅरेज थंड असेल आणि शनिवारी अठरा झाकणं उघडण्यात मन रमत असेल, तर शिसं चांगलं. त्याचं वजनही फुकट मिळतं. जुना ट्रॅक्टर नुकताच विकत घेतला असेल आणि मोटार धड आहे की नाही हेच ठाऊक नसेल, तर आधी सहा सेकंडहँड शिशाच्या बॅटऱ्यांवर एक हंगाम काढावा, मग ठरवावं.

दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी पाना हातात धरण्याआधी बोटातली अंगठी आणि मनगटावरचं स्टीलचं घड्याळ काढून ठेवा, आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. ३६ व्होल्टचा सहसा शॉक बसत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. पण याच सहा बॅटऱ्यांवर जीईनं वेल्डिंगचं यंत्र चालवून दाखवलं होतं. दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर तो तिथंच वेल्ड होतो, आणि मधे अंगठी असेल तर ती काढायला डॉक्टर लागतो.